शब्दचर्चा : 'निधी मंजूर' म्हणजे नेमके काय?

प्रश्न : शासन निर्णयांत 'प्रशासकीय मान्यता', 'तरतूद' आणि 'निधी वितरण' असे वेगवेगळे शब्द येतात, बातम्यांत मात्र तिन्हींसाठी 'निधी मंजूर' असेच छापले जाते. हे शब्द समानार्थी मानावेत का?

उत्तर : मुळीच मानू नयेत, कंत्राटदाराचे देयक बहुधा या शब्दांच्या मधल्या अंतरातच अडकते. 'प्रशासकीय मान्यता' म्हणजे ठरावीक काम ठरावीक रकमेच्या मर्यादेत करण्यास सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेली संमती. तिच्यामुळे तिजोरीतून एक रुपयाही बाहेर पडत नाही. सविस्तर अंदाजपत्रकाला अभियंते देतात ती 'तांत्रिक मान्यता'.

'तरतूद' हा शब्द अरबी 'तरद्दुद'वरून आला असून जुन्या मराठीत त्याचा अर्थ पूर्वतयारी असा आहे. अर्थसंकल्पात मात्र त्याला काटेकोर चौकट आहे : विशिष्ट लेखाशीर्षाखाली (म्हणजे हिशेबातील खर्चाच्या ठरावीक सदराखाली), विशिष्ट आर्थिक वर्षासाठी, विधिमंडळाच्या संमतीने राखलेली रक्कम. संविधानाच्या अनुच्छेद 204 प्रमाणे, कायद्याने केलेल्या विनियोजनाखेरीज (खर्चासाठी रक्कम नेमून दिल्याखेरीज) राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येत नाही, आणि तरतूद अपुरी पडल्यास अनुच्छेद 205 खाली पुरवणी मागणी मांडावी लागते. तरतूद झाल्यावरही ती टप्प्याटप्प्यानेच खुली होते. महाराष्ट्रात 'बीम्स' या निधीवाटपाच्या संगणकीय प्रणालीवर ती रक्कम आहरण व संवितरण अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे कार्यालयासाठी पैसे काढून देयके भागवणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत, पोहोचली, की मगच निधी 'वितरित' झाला असे म्हणणे रास्त ठरते.

समजा, एका पुलाला 1 कोटी रुपयांची प्रशासकीय मान्यता आहे, चालू वर्षाची तरतूद 20 लाखांची आहे आणि वितरण झाले आहे 12 लाखांचे. मोजमाप पुस्तिकेत 50 लाखांचे काम नोंदले गेले, तरी तूर्त 12 लाखच देता येतात आणि उरलेले 38 लाख 'दायित्व', म्हणजे शासनाचे देणे, म्हणून मागे राहतात. बातमीत मात्र 'पुलासाठी एक कोटीचा निधी मंजूर' असे येते, आणि पैसे आले असताना काम का रखडले, असा गावकऱ्यांचा रोष कंत्राटदारावर निघतो. म्हणून 'एक कोटीच्या कामास प्रशासकीय मान्यता' असेच लिहावे, असा माझा आग्रह आहे. आदेशातले 'निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून' हे शब्दही उपचारापुरते समजू नयेत. देयक केव्हा मिळेल हे त्यांच्यावरच अवलंबून असते.

उपप्रश्न : मार्चमध्ये 'निधी समर्पित केला' असे वाचनात येते. तो कोणाला अर्पण करतात?

उत्तर : येथे अर्पणाचा संबंध नाही. खर्च होणार नाही अशी तरतूद विभागाने वर्ष संपण्यापूर्वी वित्त विभागाकडे परत करणे, म्हणजे 'समर्पित करणे'. 31 मार्चला जी तशीच शिल्लक राहते ती 'व्यपगत' होते, म्हणजे आपोआप रद्द होते. 'योजनेसाठी समर्पित निधी' या प्रयोगात तोच शब्द राखून ठेवल्याचा, म्हणजे जवळजवळ उलट अर्थ देतो. त्यामुळे सामान्य वाचकासाठी लिहिताना 'निधी न वापरता परत केला' असे सरळ म्हणावे.