मदत हवी आहे: दहा फुटी गल्लीतल्या वाड्याचा अख्खा फोटो कसा घ्यावा?

गल्लीबोळ
संभाजीनगरात गुलमंडीमागच्या गल्लीत एक दुमजली वाडा आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर लाकडी सज्जा, तोंड उत्तरेला. उंची अंदाजे २५ फूट, समोरच्या भिंतीपर्यंत १० फूट. कॅनन १५००डी आणि १८-५५ लेन्स आहे, फोनला ०.५एक्सची १३ मिमी लेन्स आहे. कॅमेरा वर केला की वाडा मागे कलंडल्यासारखा दिसतो. आभाळ पांढरंफटक येतं, सज्जाखाली मात्र काळोख. संध्याकाळी दुकानाच्या दिव्यात फोटोवर पट्टे उमटतात. काय करू?

ओळंबा
कलंडण्याचं कारण लेन्स नाही, कॅमेऱ्याची मान. सेन्सर भिंतीला समांतर राहिला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. आता हिशोब बघा. कॅमेरा उभा धरला, सरळ ठेवला, तर १० फुटांवरून १८ मिमीला डोळ्याच्या पातळीच्या वर जेमतेम ६ फूट मावतात. फोनच्या १३ मिमीला १३ फूट (फोनचा हा आकडा मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरच्या मापाने सांगतात, म्हणून १८ शी थेट तुलना करू नका). म्हणजे रस्त्यावरून १८ फुटांच्या वरचं काही येणारच नाही, मान वर करावीच लागणार.

म्हणून पातळी बदला. समोरच्या घराच्या पहिल्या मजल्याची खिडकी १२-१३ फुटांवर असेल, तर १३ फूट वर, १३ फूट खाली, वाडा बसला. पण जेमतेम. फोन खिडकीबाहेर हात काढूनच धरावा लागेल, तेव्हा दोरी मनगटात अडकवा. कोपऱ्यातल्या वस्तू ताणल्या जातील, ते चालवून घ्या.

खिडकी नाही मिळाली तर मान थोडी वर करून घ्या, चारही बाजूंनी १५-२० टक्के जागा सोडा आणि फोनवरच्या स्नॅपसीड ॲपच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये किंवा संगणकावरच्या डार्कटेबलमध्ये रेषा सरळ करा. शंभर टक्के सरळ करू नका. अगदी थोडा कल ठेवला तर डोळ्याला बरं वाटतं, नाहीतर वाडा वर रुंद होत गेल्यासारखा दिसतो.

उन्हाळी_सावली
उजेडाचं मी सांगतो. उत्तरमुखी वाड्याला डिसेंबरात थेट ऊन पडतच नाही. पण ती अडचण नाही, सोय आहे. दुपारी ११ ते १ मध्ये समोरच्या भिंतीच्या वरच्या भागावर ऊन असतं आणि ते परतून सज्जाखाली शिरतं. समोरची भिंत चुन्याची असेल तर उत्तमच. हिरवी-निळी असेल तर लाकडावर तोच रंग चढतो. मग सज्जाखाली पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स हाताने लावा, ऑटोवर सोडू नका.

हस्तांवरची, म्हणजे सज्जाला खालून आधार देणाऱ्या लाकडांवरची, नक्षी हवी असेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आसपास या. तेव्हा सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला असतो, ऊन भिंतीला घासून जातं. गल्ली पूर्वेला मोकळी असेल तरच. जूनच्या दुपारी ऊन जवळजवळ डोक्यावरून पडतं आणि सज्जाची सावली सगळं गिळते.

आभाळासाठी: एफ/८, आयएसओ १००-२००, रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल), एक्स्पोजर -२, ०, +२ असे तीन फोटो घ्या आणि नंतर एकत्र जोडा. उजेड कमी असेल तर भिंतीला टेकून घ्या. ट्रायपॉड गल्लीत लावू नका, दुचाक्या थांबत नाहीत.

पट्टे: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. सरकत्या अक्षरांच्या पाट्यांना हे लागू पडेलच असं नाही, तिथे १/३० वर उतरा.

वेशीबाहेर
शहराच्या जुन्या वेशींच्या दरवाजांनाही हाच नियम. दिल्ली दरवाजाची बाहेरची बाजू उत्तरेला, थंडीत सावलीतच. पैठण दरवाजा दक्षिणेला, थंडीत दिवसभर ऊन. मकाई दरवाजा पश्चिमेला, तो संध्याकाळचा. खाम नदीवरच्या पुलावरून घ्या.

गल्लीबोळ
आभारी आहे! समोरच्यांनी खिडकी नाही दिली तर शेजारच्या माळवदावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, घेऊ का? आणि वाड्यावरून गेलेल्या विजेच्या तारा फोटोत येतात, त्या मोबाइलमधूनच पुसल्या तर?

ओळंबा
माळवदावर चढण्याआधी घरच्यांना विचारा, “काका, कुठून चालायचं?” जुन्या माळवदाची तुळई कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक असतं. भिंतीच्या कडेकडेने जा, आणि उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक, म्हणजे सवणं, कुठे आहे ते बघून पाऊल टाका.

तारा पुसू नका, राव. पुसताना फोन सज्जाच्या कठड्याच्या दोन-तीन पट्ट्या स्वतःच्या मनाने घडवतो आणि ते मोठं केल्यावरच कळतं. अर्धा फूट डावी-उजवीकडे सरका, तार बऱ्याचदा सज्जाच्या कडेमागे लपते.

उन्हाळी_सावली
आणि मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती आवळली जाते आणि नक्षी मेणासारखी दिसते. फाइलच्या नावात तारीख, गल्ली आणि तोंड कुठल्या दिशेला तेही लिहा.