अँटीव्हायरस बदलल्यावर कॅमेरा बंद, पेनड्राइव्ह उघडत नाही, पंखा थांबत नाही

इंदिरानगर_नाशिक:
लॅपटॉप: आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज ११. जुन्या अँटीव्हायरसची मुदत संपली, तो काढून दुसऱ्या कंपनीचं सिक्युरिटी पॅकेज टाकलं. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेऱ्यावर पिवळा त्रिकोण आणि कोड १९. पेनड्राइव्ह लावला की आवाज येतो, पण ड्राइव्ह दिसत नाही. पंखा सतत जोरात, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. दुरुस्तीवाले मदरबोर्ड बदला म्हणतात. खर्चाआधी काय तपासू?

सातपूर_बेंच:
मदरबोर्डचा विचार सध्या सोडा. पेनड्राइव्ह लावल्यावर आवाज येतो म्हणजे पोर्ट जिवंत आहे, विंडोजला डिव्हाइस कळतंय. त्याच्या वरच्या थरात कुणीतरी अडवतंय. नव्या पॅकेजच्या सेटिंगमध्ये यूएसबी किंवा डिव्हाइस कंट्रोल शोधा, बहुतेक तिथेच ब्लॉक असेल. तिथे काही नसेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये पेनड्राइव्हला ड्राइव्ह लेटर मिळालंय का बघा.

कॅमेऱ्याची परीक्षा विंडोजच्या बाहेर घ्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट तयार करा आणि इन्स्टॉल न करता तिथूनच चालवा. कॅमेरा चालला तर तो आणि त्याची केबल दोन्ही ठीक. बूट सेटिंगला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की काढून ठेवा, नाहीतर मशीन तीच मागत बसेल.

इंदिरानगर_नाशिक:
मिंटमध्ये कॅमेरा स्वच्छ चालला. यूएसबी ब्लॉक होतं, ते काढलं, पेनड्राइव्ह दिसला. आता कोड १९ कसा घालवायचा?

सातपूर_बेंच:
कोड १९ म्हणजे त्या डिव्हाइसची रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार) नोंद बिघडलेली किंवा अर्धवट. कॅमेऱ्याला संरक्षण देणारे अँटीव्हायरस त्याच्या ड्रायव्हरवर आपला फिल्टर (मध्ये बसून तपासणारा छोटा ड्रायव्हर) चढवतात. साध्या अनइन्स्टॉलने फाइल जाते, पण फिल्टरचं नाव मागे राहतं. विंडोज ते शोधतं, सापडत नाही, मग कॅमेरा सुरूच करत नाही.

आधी जुन्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल सेफ मोडमध्ये चालवा (शिफ्ट दाबून रीस्टार्ट), मग एकदा साधा रीस्टार्ट. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथून क्लास गाइड (GUID, कंसातला लांब कोड) घ्या. रजिस्ट्री एडिटरमध्ये कंट्रोल, क्लासखाली त्याच नावाचं फोल्डर आहे. ते आधी एक्स्पोर्ट करा, मगच आत अप्परफिल्टर्स (फिल्टरच्या नावांची यादी) उघडा.

इंदिरानगर_नाशिक:
टूलने फरक पडला नाही. अप्परफिल्टर्समध्ये दोन नावं आहेत, एक केएसथंक. अख्खी नोंद उडवू का?

द्वारका_सर्व्हिस:
अजिबात नको. केएसथंक मायक्रोसॉफ्टचं आहे, ते राहू द्या. दुसऱ्या नावाची फाइल सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये आहे का पाहा. नसेल तरच तेवढी ओळ काढा आणि रीस्टार्ट करा. असेल तर ती नव्या पॅकेजची असू शकते. हीच पद्धत कीबोर्डवर वापराल तर जास्त जपा: तिथल्या अप्परफिल्टर्समधून केबीडीक्लास गेलं की लॅपटॉपचा कीबोर्डच बंद पडतो.

अंबड_डेटा:
डिस्क आणि पंख्याकडे दुर्लक्ष नको. नवीन पॅकेज पहिल्यांदा सगळ्या फाइली वाचतं. साध्या हार्ड डिस्कवर हे तासन्‌तास चालतं. स्कॅन पूर्ण होऊ द्या, पुढचे रात्री चार्जर लावून ठेवा.

पण त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५ (रीअलोकेटेड, म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि सी५ (पेंडिंग, म्हणजे नीट वाचता न येणारे सेक्टर) बघा. वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाइली स्कॅनमध्ये वाचल्या जातात, म्हणून आधीच कमकुवत झालेली डिस्क नेमकी याच वेळी उघडी पडते. सी५ शून्याच्या वर असेल तर स्कॅन थांबवा आणि डेटा लगेच दुसऱ्या डिस्कवर घ्या. डिस्क निरोगी असेल तरीही २.५ इंची एसएसडी टाकलीत तर हा १०० टक्क्यांचा त्रास बराच कमी होईल. ती बदलायला मागचं झाकण उघडालच, तेव्हा पंखा आणि हीटसिंकच्या जाळीतली धूळ काढून घ्या. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की बुजलेली जाळी प्रोसेसरचा वेग खाली आणते.