बंद शेडमध्ये मोटरहोमचा डिझेल हीटर: धूर बाहेर कसा काढावा?

प्रश्न: मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) बंद शेडमध्ये आहे. हीटरच्या एक्झॉस्टला २४ मिमीचा पाइप जोडून भिंतीबाहेर नेला तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण लवचीक स्टेनलेस स्टीलचाच घ्या, रबर, प्लास्टिक वितळतं. प्रत्येक जोडाला उष्णता सोसणारं सीलंट आणि क्लॅम्प हवाच. लांबी मॅन्युअलमधल्या मर्यादेतच ठेवा. पाइप लांबला, वळणं वाढली की धूर अडतो, ज्वलन बिघडतं, काजळी साचते. लाकडी भिंत असेल तर पाइपला लाकूड टेकू देऊ नका.

उत्तर: बाहेरच्या बाजूला उतारही द्या, नाहीतर पाणी साचून पाइप तुंबतो.

उत्तर: धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो! गाडीत एक, शेडमध्ये एक अलार्म लावा. नुसतं दार किलकिलं ठेवून भागत नाही. झोपायचं असेल तर गाडी बाहेरच काढा.