सायलेंसर लटकला आहे, शनिवारच्या आत काय करू?

घाईत_आहे
सायलेंसर ढिला झाला आहे. कालपासून खडखड वाजून राहिला, ब्रेकरवरून गेलं की खाली ठक्कन लागते. शनिवारी नागपूरहून उमरेडला बहिणीचं साक्षगंध आहे नं गाडी मलाच न्यायची आहे, सोबत आई, बायको, पोरगं. मेकॅनिक म्हणे सोमवारी आणा. घरी काही करता येईल का? लवकर सांगा.

तर्री_जास्त
गाडी कोणती?

वेल्डिंग_झिंदाबाद
कोणतीबी असो, वेल्डिंग मारून टाका. दहा मिनिटाचं काम. माझ्या जुन्या व्हॅनला तीन जागी मारलं होतं, चार वर्षं चालली.

पेन्शनर_त्रिमूर्तीनगर
काय वेल्डिंग मारायचं ते तरी कळू द्या. ढिला म्हणजे कुठून? पुढे इंजिनकडून, मधून की मागून? सायलेंसर ज्यावर टांगलेला असतो ते रबर तुटलं असेल तर वेल्डिंग काय रबराला मारणार?

बाइंडिंग_तार
तारेने बांधा नं बापा. क्लचवायर असली तं अजून बेस. मी एकदा अमरावतीहून तसाच आलो.

घाईत_आहे
मारुती ८०० आहे, २००६ ची. कुठून ढिला ते माहीत नाही, मागून हलवला तं हलते. तारच बांधतो मग.

पेन्शनर_त्रिमूर्तीनगर
थांबा जरा. इंजिन थंड असताना मागचा पाइप हाताने वरखाली करा. पूर्ण नळी हिसका खात असेल तर रबरं गेली. चहा-पोह्याच्या पैशात येतात, कानासारखी दिसतात, जुनं झालं की भेगा पडून चिरतात. पण रबर तुटल्यावर सगळा भार पुढच्या जोडावर येतो आणि तिथले बोल्ट सैल होतात, गॅस्केट (जोडातली धूर अडवणारी चकती) फुटतं. म्हणून पुढचा जोड पाहा, तिथे काळी काजळी धरली आहे का. तार बांधलीच तर मागे बांधा, पुढचं दुखणं तारेने जात नाही.

एमएच३१_जुना
८०० अजून चालवून राहिले? माझी २००४ ची होती, रजिस्ट्रेशन रिन्यूला ५,००० लागते म्हटलं नं विकून टाकली. २०२२ पासून १५ वर्षं झालेल्या गाडीला एवढे भरायचे होते, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीला अजून वाढले. विका बे, नवीन घ्या.

घाईत_आहे
भाऊ मी विकायचं विचारलंच नाही.

फ्री_फ्लो
नवीन सायलेंसरच टाका, सरळ नळीवाला. मधला कॅटही (धूर साफ करणारा डबा) काढून टाका, पिकअप लय वाढते.

मनीषनगरची_ताई
नका हो ऐकू. कॅट काढला की पीयूसीत अडकाल, आवाजाचं चालान वेगळं. आणि आठशेला पिकअप वाढवून जाणार कुठे, मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर?

फ्री_फ्लो
ताई, आता तिथे पूल झाला आहे.

मनीषनगरची_ताई
माहीत आहे. तरी अडकतेच. बरं घाईत भाऊ, एक सांगा, गाडीत वास येते का?

घाईत_आहे
सिग्नलला उभं राहिलं की थोडा येते. एसी लावतो नं काचा बंद असतात. बायकोचं डोकं दुखते म्हणते, मला वाटलं उन्हानं.

पेन्शनर_त्रिमूर्तीनगर
हे पहिल्या ओळीत सांगायला नको होतं का! गाडीतून उतरल्यावर डोकं थांबते का?

घाईत_आहे
हो, अर्ध्या तासात. पोरगंही झोपून जाते. पण ते तसंही झोपते.

पेन्शनर_त्रिमूर्तीनगर
तर मग आईला आणि पोराला त्यात बसवू नका, उद्याच दाखवा. जो वास येतो तो इतर धुराचा, खरा मारक कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. पुढे जोड गळत असेल तर बोनेटखालून हवेच्या वाटेने आत ओढला जातो, आणि डिक्कीचं रबर फाटलं असेल तर मागून. तोवर नेलीच तर काचा उघड्या, एसी बंद.

वेल्डिंग_झिंदाबाद
बरोबर आहे काकांचं. पण वेल्डिंग करताना सायलेंसर खाली उतरवूनच करा, पेट्रोलची टाकी मागेच असते. आणि बॅटरीचं मायनस काढा, नाहीतर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जाते.

बाइंडिंग_तार
खाली जायला दोन विटा लावा जॅकला.

पेन्शनर_त्रिमूर्तीनगर
विटा??? वीट फुटते, गाडी छातीवर येते. सरळ सांगतो, स्टँड नसेल तर खाली जाऊ नका. आणि गळती पाहायची तर थंड इंजिन सुरू करून उघड्या अंगणात, जाड ओल्या कापडाने मागचं तोंड एक-दोन सेकंद धरा, फुस्स आवाज जिथून येईल तिथे भोक. फक्त मफलरच्या, म्हणजे सायलेंसरच्या मोठ्या डब्याच्या, पोटाखाली बऱ्याच वेळा एक बारीक भोक कंपनीचंच असतं, पाणी निथळायला, ते बुजवू नका. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन सायलेंसरमधून जातं. तुम्ही धरमपेठ ते बर्डी एवढंच फिरत असाल तर नळी तापतच नाही, पाणी आतच बसतं, गंज आतून लागतो.

एमएच३१_जुना
म्हणूनच म्हटलं विका.

घाईत_आहे
रविवार अपडेट. शुक्रवारी दुसऱ्या गॅरेजला नेली. मागची दोन्ही रबरं चिरली होती, एक तर नुसतं धाग्यावर. पुढच्या जोडाचे दोन बोल्टपैकी एक होताच नाही, दुसरा गंजून असा धरला की पान्याला निघेना, तेल मारून तासभर सोडला, तरी डोकं तुटलं. शेवटी ड्रिलनं काढला. काजळी काकांनी सांगितली तिथेच होती. नवीन गॅस्केट, बोल्ट, रबरं. तार नाही बांधली.

साक्षगंधाला मात्र मामाच्या गाडीत गेलो, आई बसायलाच तयार नव्हती.

मनीषनगरची_ताई
वास?

घाईत_आहे
काल काचा बंद करून वाडीपर्यंत गेलो, नाही आला. डिक्कीचं रबरही फाटलं होतं, ते अजून मिळालं नाही, पार्टवाला म्हणे बुधवारी. तोवर मागची काच थोडी उघडी ठेवून राहिलो.