मदत हवी आहे: इसब जातो आणि परत त्याच जागी का येतो?

नमस्कार मंडळी. मुलगी 19 वर्षांची, लहानपणापासून अ‍ॅटोपिक डर्मटायटिस (इसबाचा एक प्रकार). कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे. स्टिरॉइड मलमाने कातडी स्वच्छ होते. मलम बंद केलं की पुन्हा तिथेच, जवळजवळ जुन्याच कडेपर्यंत लाल.

आजवर वाचून समजलं ते असं: प्रतिकारशक्तीतल्या टी-हेल्पर 2 पेशी आयएल-4 आणि आयएल-13 (इंटरल्यूकिन, म्हणजे पेशींचे निरोप नेणारी प्रथिनं) सोडतात, त्यामुळे फिलाग्रिन हे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन कमी होऊन कातडीचं कुंपण ढिलं पडतं. खाजेला आयएल-31 चा हातभार. शिवाय काही स्मृती टी पेशी (आधीची चिथावणी लक्षात ठेवणाऱ्या) डाग गेल्यावरही कातडीतच ठाण मांडून बसतात. माझा प्रश्न यांच्याबद्दलच आहे.

आंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर रोज चालू आहे. पॅच टेस्ट (कातडीला कशाचा स्पर्श सोसत नाही ते पाहणारी चाचणी) निगेटिव्ह, खरूज-नायटा नाही. दूध-अंडी बंद करून पाहिली, फरक शून्य. कडुनिंब-हळद सुचवू नका, झालंय सगळं!

डॉक्टर डुपिलुमॅब सुचवताहेत. ते आयएल-4 आणि 13 चा निरोप अडवतं, पण निरोप धाडणाऱ्या पेशींचं काय? दर दोन आठवड्यांनी इंजेक्शन, खर्च मोठा. कायम घेणं झेपणार नाही.

त्वचारोग किंवा इम्युनॉलॉजीतलं कोणी सांगेल का: डुपिलुमॅबने किंवा डाग गेल्यावरही आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस (स्टिरॉइड नसलेलं मलम) लावत राहिल्याने या मुक्कामी पेशी खरंच घटतात, की औषध चालू असेपर्यंत नुसत्या गप्प राहतात?