जनसुरक्षा विधेयक आणि वाचनालयाचे सभागृह : भाड्याने जागा देणाऱ्यावर जबाबदारी येते का?

प्रश्न : कार्यवाह, सातारा जिल्हा

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील सभागृह 300 रुपये भाड्याने बैठकांना देण्याचा जुना प्रघात आहे. नोंदवहीत अर्जदाराचे नाव, संस्था, विषय आणि पावती क्रमांक एवढेच लिहिले जाते. भजनी मंडळ, पतसंस्थेची वार्षिक सभा, आशा सेविकांची संघटना आणि धरणग्रस्तांची समिती त्या वहीत गुण्यागोविंदाने नांदत आल्या आहेत. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक (सरकारला एखादी संघटना अधिसूचनेद्वारे बेकायदा घोषित करू देणारे) संमत केल्यापासून मात्र ‘चळवळवाल्यांना’ जागा देऊच नये, असा आग्रह कार्यकारिणीतील दोघांनी धरला आहे. भाडे घेऊन जागा देणाऱ्या संस्थेवर त्यातील तरतुदींनुसार खरोखर काही जबाबदारी येते का?

उत्तर : एक वकील

संघटना अधिसूचनेद्वारे बेकायदा घोषित झालेली नसेल तर तिला जागा दिल्याने गुन्हा होत नाही. घोषित झाल्यानंतर मात्र चित्र पालटते : सदस्य नसतानाही मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड, तर अशा संघटनेची किंवा तिच्या एखाद्या सदस्याची सभा भरवण्यास साहाय्य करणाऱ्याला तीन वर्षे आणि तीन लाख. हे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. शिवाय अशा कृत्यांसाठी वापरलेली जागा अधिसूचित करून ताब्यात घेण्याचीही तरतूद आहे, आणि तुमच्या दोन सदस्यांच्या पोटात गोळा येतो तो बहुधा यामुळेच.

माझा मुख्य आक्षेप मात्र बेकायदा कृत्याच्या व्याख्येला आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे कल असणारी कृती, किंवा प्रस्थापित कायदा न पाळण्याचा प्रचार, मग तो बोलून केलेला असो, लिहून असो वा नुसत्या खुणेने, या व्याख्येत बसू शकतो. 1930 साली शिरोड्याला मीठ उचलणाऱ्यांनी नेमके हेच केले होते. ‘कायदेभंग’ हा शब्द आपण शाळेत अभिमानाने शिकलो.

उत्तर : देसाईगंजकर

वकीलसाहेबांविषयी आदर राखून लिहितो. 1 मे 2019 रोजी गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाला, त्या दिवशी मी जिल्ह्यातच होतो. त्यांना माणसे पुरवणारे आणि पैसा उभा करणारे जाळे शहरांतून चालते, हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, त्यानंतर रोख कडव्या डाव्या व तत्सम संघटनांपुरता ठेवला गेला आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्यात आला. या सुधारणांचा उल्लेखही न करणे अन्यायाचे वाटते.

उत्तर : जुना वार्ताहर

सुधारणा झाल्या हे खरे आहे, परंतु ‘तत्सम’ या शब्दाने पुढच्या दाराला लावलेली कडी मागच्या दाराने काढून घेतली आहे.

वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हमीविषयी आपल्याच राज्याचा अनुभव पाहावा. 1999 च्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला गेला तो अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढेच द्यायचा या अटीवर, म्हणजे येथे मिळालेल्या हमीपेक्षा वरच्या दर्जाची हमी तेथे होती. तरीही 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवून उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी बाराही जणांना निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देण्यास स्थगिती दिली असली, तरी त्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलेले नाही. स्फोटांत गेलेल्यांच्या नातेवाइकांच्या पदरात त्यातून काय पडले, हाही प्रश्न उरतोच.

छत्तीसगडमध्ये याच धर्तीचा कायदा आधीपासून आहे. त्याखाली मानवाधिकार कार्यकर्ते डॉ. बिनायक सेन यांना 2007 मध्ये अटक झाली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मूलवासी बचाओ मंच या आदिवासी संघटनेवर बंदी आली. देसाईगंजकरांचे दुःख मी हलके लेखत नाही, मात्र भूसुरुंग पेरणाऱ्यासाठी यूएपीए हा केंद्राचा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा आहे, मोक्का आहे, भारतीय न्याय संहिता आहे. त्यांत न बसणारा असा कोण उरतो, ज्याच्यासाठी चौथे जाळे विणावे लागले?

उत्तर : एक वकील

कार्यवाहांना एक व्यावहारिक सल्ला : अर्जदारांकडून ‘आमची संघटना डाव्या विचारांची नाही’ अशी हमीपत्रे घेऊ नका. कायदा ती मागत नाही आणि उद्या तीच फाईल तुमच्याकडे बोट दाखवील. संघटना अधिसूचित आहे का, एवढेच तपासा आणि पावती द्या.

प्रश्नकर्ता : कार्यवाह

सर्वांचे आभार. रविवारच्या बैठकीत ही चर्चा वाचून दाखवीन. धरणग्रस्तांचा अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. विषयाच्या रकान्यात ‘पुनर्वसनाबाबत पुढील दिशा’ असे लिहिले होते. काल त्यांचा कार्यकर्ता येऊन ते स्वतःच खोडून गेला आणि वर ‘स्नेहमेळावा’ असे लिहून गेला.