म्हशीचं की गाईचं, चरबी नक्की कशात जास्त?

दापोलीवाला
मंडळी एक शंका. अब्बांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टर म्हणाले मोठ्याचं (म्हशी-रेड्याचं) मटण कमी करा. भाऊ कुवेतला असतो, तो फोनवर म्हणतो इथलं बीफ लोण्यासारखं मऊ, आपलं म्हशीचं चिवट म्हणजे तेच जड आणि चरबीवालं. मला पटत नाही, पण रात्रीचा रस्सा सकाळी बघितला की टोपावर मेणासारखा पांढरा थर, चमच्याने खरवडावा लागतो, म्हणून विचारतोय.

नळीप्रेमी
भाऊ उलटं आहे. मऊ लागतं कारण धान्य चारून वाढवलेल्या गुराच्या मांसात चरबीच्या रेषा आतपर्यंत गेलेल्या असतात. म्हशीची चरबी बहुतेक बाहेरून आणि गुर्द्याभोवती, सुरीने काढता येते. अमेरिकन सरकारी तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या निव्वळ म्हशीच्या मांसात चरबी साधारण १.४ ग्रॅम, त्यातली सॅच्युरेटेड (कोलेस्टेरॉल वाढवणारी) अर्धा ग्रॅमही नाही. गाईच्या चरबीवाल्या खिम्यात २० ग्रॅम असते, पण तो खिमा आहे हां, गाईचा चरबी काढलेला तुकडा घेतला तर फरक फार उरत नाही. तुमचा थर म्हणजे दुकानवाल्याने वजनात टाकलेला सीन्याचा (छातीचा) चरबीवाला तुकडा, रानाचं (मांडीचं) मागा आणि समोर उभं राहून साफ करून घ्या.

चिपळूणची_ताई
पांढऱ्या रंगाला घाबरू नका. म्हैस चाऱ्यातलं कॅरोटीन व्हिटॅमिन ए मध्ये बदलते म्हणून चरबी आणि दूध दोन्ही पांढरं, गाईची पिवळसर. पण थर गोठतो तो सॅच्युरेटेडमुळेच, तो दोघांच्या चरबीत भरपूर, म्हणून खरवडता ते चालू ठेवा. आणि नेटवर बफेलो मीट शोधाल तर अमेरिकेतला बायसन निघतो, तो प्राणीच वेगळा, त्याचे आकडे आपल्या म्हशीला लावू नका. आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे म्हणजे दुकानात मिळतं ते म्हशी-रेड्याचंच.

बांगडा_फ्राय
सगळे मांसावर बोलताय, वाटणाचं काय?? ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला ३० च्या आसपास सॅच्युरेटेड. अर्धा किलो साफ केलेल्या म्हशीत अडीचसुद्धा नाही. एका नारळात रस्सा दाट करायचा आणि दोष रेड्याला द्यायचा, हे कोकणातच. बाकी आठवड्यातून दोनदा बांगडा द्या अब्बांना, त्याची चरबी वेगळ्या जातीची, पण तळून नको, तिखल्यासारखा (बिनखोबऱ्याच्या तिखट रश्शात) करा. (माझं नाव बघू नका.)

दापोलीवाला
@बांगडा_फ्राय बाप रे, आमच्याकडे अर्धा किलोला एक अख्खा नारळ पडतो. रानाचं आणेन उद्या, ते सोपं आहे. नारळाचं अम्मीला कोण सांगणार, भावालाच कुवेतवरून फोन करायला लावतो.